ड्रॉइंग बदलताना बट्टा कोण भरतो?

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक सोडले की सुमारे ६५ किलोमीटरवर चांदवड लागते. डोंगराच्या कुशीतले हे गाव अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालासाठी आणि रेणुकामातेच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मात्र चांदवडची आणखी एक ओळख आहे. होळकरांच्या काळात येथे टांकसाळ होती आणि तेथे पडणारे नाणे ‘चांदवडी रुपया’ या नावाने बाजारात चाले. त्या काळी एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या पेठेत गेला की सराफ तो पारखून घेई आणि बदलून देताना बट्टा कापी.

टांकसाळ केव्हाच बंद झाली, पण बट्टा बंद झालेला नाही. आज तो संगणकावरच्या ड्रॉइंगवर कापला जातो. एका सॉफ्टवेअरमध्ये काढलेले ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की त्यातले काही ना काही गळते किंवा बदलते. फरक एवढाच की सराफ बट्टा तोंडावर सांगत असे, संगणक सांगत नाही. कारागिराला तो कळतो माल वाया गेल्यावर.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण लेथ, वेल्डिंग, फॅब्रिकेशन, मागाचे सुटे भाग आणि शेतीची अवजारे या धंद्यांत आहेत. चांदवडच्या एका बाजूला सुमारे ४० किलोमीटरवर मालेगावचे यंत्रमाग, जवळच मनमाडला रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना, तर नाशिकच्या वाटेवर ओझरचा विमान कारखाना आणि पुढे सातपूर व अंबडची औद्योगिक वसाहत. मधल्या पट्ट्यातल्या छोट्या वर्कशॉपला काम मिळवायचे असेल तर आता पार्टी कागद देत नाही, फाइल पाठवते. म्हणून या विषयाची माहिती वाचकांपुढे ठेवणे आम्हाला गरजेचे वाटले.

साठ पट्ट्यांची गोष्ट

चांदवडला रस्त्यालगतच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही गेलो असता कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांची थप्पी दिसली. ८ मिलिमीटर जाड, २०० बाय १५०, प्रत्येकीला दोन भोके. चौकशी केली तेव्हा वर्कशॉपचे उस्ताद म्हणाले, “साहेब, ते आमच्या अकलेचे खाते आहे. तिथून हलवायचे नाही असे मी पोरांना सांगून ठेवले आहे.”

हकीकत अशी. कांदा प्रतवारीच्या यंत्रासाठी बेअरिंग ब्लॉक बसवायच्या ६० पट्ट्यांची ऑर्डर उस्तादांना मिळाली. पार्टीने फाइल पाठवली, सोबत छापील कागदही दिला. कागदावर दोन भोकांमधले अंतर १३७ मिलिमीटर लिहिलेले होते. भाच्याने फाइल लेझर कटिंगवाल्याकडे पाठवली, पट्ट्या कापून आल्या, आणि जोडणीच्या दिवशी ब्लॉक बसेना. मोजले तर भोकांमधले अंतर १२७ भरले.

पार्टी म्हणाली, कागदावर १३७ स्पष्ट लिहिले आहे. लेझरवाला म्हणाला, भाई, मशीन कागद वाचत नाही, फाइलमध्ये १२७ आहे. दोघांचेही खरे होते आणि नुकसान मधल्या माणसाचे झाले. एका पट्टीचे वजन सुमारे १ किलो ८८० ग्रॅम. साठ पट्ट्यांचे मिळून ११३ किलो लोखंड, कटिंगची मजुरी वेगळी आणि पार्टीचा विश्वास त्याहून वेगळा.

झाले होते ते असे. आधी यंत्राला ३५ मिलिमीटरचा शाफ्ट ठरला होता. त्याला २०७ नंबरचा बेअरिंग ब्लॉक लागतो आणि त्याच्या बोल्टमधले अंतर १२७ असते. पुढे शाफ्ट ४० चा झाला, ब्लॉक २०८ नंबरचा आला आणि अंतर १३७ झाले. ड्रॉइंग काढणाऱ्याने घाईत भोके सरकवली नाहीत, फक्त वरचा आकडा खोडून नवा लिहिला. कॅड सॉफ्टवेअर तशी मुभा देते. त्यामुळे आकडा एक बोलत होता आणि रेघ दुसरेच.

आकड्यावर नाही, रेघेवर विश्वास

ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी खोड होय. हाताने काढलेल्या नकाशात लिहिलेला आकडा हाच कायदा असे. रेघ थोडी लांब-आखूड असली तरी मिस्त्री आकडा पाहून काम करी. लेझर, प्लाझ्मा किंवा सीएनसी मशीनसाठी उलट आहे. तिथे रेघ हाच कायदा, आकडा म्हणजे नुसती सजावट.

उपाय सोपा आहे. फाइल उघडल्यावर ‘डिस्ट’ हा हुकूम देऊन महत्त्वाची अंतरे स्वतः मोजावीत आणि छापील आकड्याशी ताडून पाहावीत. ऑटोकॅडमध्ये मापावर क्लिक करून गुणधर्मांची पाटी उघडली की ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ नावाचा रकाना दिसतो. तो रिकामा असेल तर आकडा सॉफ्टवेअरने मोजलेला आहे. तिथे नुसता आकडाच टाइप केलेला असेल तर तो माणसाने हाताने लिहिला आहे, सावध व्हावे.

याच जातीची आणखी एक खोड आहे. बारीक भाग नीट दिसावा म्हणून तो ड्रॉइंगमध्ये दुप्पट मोठा काढतात आणि मापाला निम्म्याचा गुणक लावतात. कागदावर आकडा बरोबर दिसतो, पण तोच भाग उचलून कटिंगला पाठवला तर जॉब दुप्पट निघतो. कटिंगची फाइल नेहमी एकास एक प्रमाणात असावी.

इंच, सूत आणि मिलिमीटर

आपले जुने मिस्त्री आजही सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच आणि इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर झाले. ‘१२ चा बोल्ट म्हणजे चार सुतीच’ असे दुकानात सहज म्हटले जाते, पण चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे असतात, तर १२ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा पिच १.७५ मिलिमीटर असतो. एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवला तर आटे मरतात.

संगणकातही हाच घोळ आहे. ऑटोकॅडमध्ये नवे ड्रॉइंग दोन प्रकारच्या नमुना फाइलवरून सुरू होते. ‘अकॅड’ नावाची इंचाची आणि ‘अकॅड आयएसओ’ नावाची मिलिमीटरची. ‘इन्सयुनिट्स’ असे टाइप केले की चालू ड्रॉइंगचे एकक कळते. १ आले तर इंच, ४ आले तर मिलिमीटर. एका फाइलचा भाग दुसरीत घातल्यावर तो २५.४ पट मोठा किंवा तितकाच लहान झाला, तर दोष एककाचा आहे हे ओळखावे. मग ‘स्केल’ हुकुमाने २५.४ ने गुणले किंवा भागले की काम होते. मात्र आधी एक ओळखीचे माप मोजून खात्री करावी, नाहीतर दुरुस्तीवर दुरुस्ती होऊन बसते.

एवढा मोठा फरक डोळ्याला दिसतो तरी. खरा धोका जवळच्या मापांचा. जुन्या इंग्रजी घडणीच्या यंत्रांचे गिअर डायमेट्रल पिच म्हणजे ‘डीपी’ या इंची हिशेबात असतात, तर आजच्या कॅडमध्ये गिअर ‘मॉड्यूल’मध्ये काढतात. १० डीपीचा गिअर मॉड्यूलमध्ये २.५४ होतो. तरुण ड्राफ्ट्समन बाजारात सहज मिळणारे २.५ मॉड्यूल धरतो. ४० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास १० डीपीमध्ये १०६.६८ मिलिमीटर, तर २.५ मॉड्यूलमध्ये १०५ मिलिमीटर. फरक पावणेदोन मिलिमीटरच्या आतला आहे, पण हे दोन गिअर एकमेकांत नीट चालणार नाहीत. मागावर लावले तर आवाज करतील आणि दाते खातील. अशा वेळी जुना गिअर हातात घेऊन दाते मोजणारा उस्तादच खरा, सॉफ्टवेअर नव्हे.

एककांच्या घोळातून मोठमोठेही सुटलेले नाहीत. १९९९ साली अमेरिकेच्या नासाचे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यान नष्ट झाले, कारण एका बाजूच्या सॉफ्टवेअरने जोराचा आकडा इंग्रजी पौंडात दिला आणि दुसऱ्या बाजूने तो मेट्रिक न्यूटन समजून हिशेब केला.

लेझरवाल्याची तक्रार

लेझर कटिंगचे काम करणाऱ्यांची बाजूही आम्ही ऐकली. त्यांच्या मते येणाऱ्या फाइलींत चार दोष वारंवार सापडतात.

पहिला, उघडी आकृती. डोळ्याला चौकोन पूर्ण दिसतो, पण एका कोपऱ्यात दोन रेघा केसभर लांब असतात. मशीनला आतले-बाहेरचे कळत नाही. ‘पीएडिट’ हुकुमातील जोडणीने सर्व रेघा एक कराव्यात. जोडल्या जात नसतील तर काही रेघा वेगळ्या उंचीवर पडलेल्या असण्याचा संभव असतो. ‘फ्लॅटन’ने सर्व एका पातळीवर आणाव्यात.

दुसरा, रेघेवर रेघ. नक्कल करताना एकाच जागी दोन रेघा बसतात. पडद्यावर एकच दिसते, पण मशीन त्या वाटेने दोनदा जाते. कड जळते आणि बिल कापलेल्या लांबीवर असेल तर तेही वाढते. ‘ओव्हरकिल’ हा हुकूम जादा रेघा काढून टाकतो.

तिसरा, वळणदार रेघा. कॅम किंवा गिअरच्या दात्याचे वळण ‘स्प्लाइन’मध्ये असते. काही मशीनची सॉफ्टवेअरे ते वाचत नाहीत, काही त्याचे शेकडो बारीक तुकडे करतात आणि कड खरखरीत येते. जिथे जमेल तिथे वळण कमानीच्या तुकड्यांत द्यावे.

चौथा, नको ती भरती. माप, मध्यरेषा, नावाची चौकट हे सगळे कटिंगच्या फाइलमध्ये ठेवले तर मशीन मापाची रेघही कापायला निघते. कटिंगची फाइल वेगळी करावी, तिच्यात फक्त कापायच्या रेघा असाव्यात.

ही फाइल बहुधा ‘डीएक्सएफ’ प्रकारात देतात. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले तेव्हापासून दुसऱ्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाणीसाठी हा प्रकार चालत आला आहे. त्याच्याही अनेक आवृत्त्या आहेत. समोरचे मशीन कोणती वाचते हे फोनवर विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर जुनी ‘आर १२’ आवृत्ती बहुतेक ठिकाणी चालते, मात्र तिच्यात स्प्लाइन नसल्याने वळणांचे तुकडे होतात.

नवी फाइल, जुने सॉफ्टवेअर

‘फाइल उघडत नाही’ ही तक्रार तर रोजची. बहुतेक वेळा फाइल बिघडलेली नसते, ती नव्या आवृत्तीत जतन केलेली असते. ‘डीडब्ल्यूजी’ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर सुरुवातीच्या सहा अक्षरांत तिची जात लिहिलेली दिसते. ‘एसी १०१५’ म्हणजे २००० ची, ‘एसी १०२४’ म्हणजे २०१० ची, ‘एसी १०३२’ म्हणजे २०१८ ची. नोटपॅडमधून ती जतन मात्र करू नये, तसेच बंद करावे. पार्टीला नम्रपणे कळवावे की अमुक आवृत्तीत जतन करून पाठवा. फाइल खरोखर बिघडलेली असेल तर ‘रिकव्हर’ आणि ‘ऑडिट’ हे हुकूम आधी करून पाहावेत. आणि काम करताना वीज गेली तर घाबरू नये. त्याच जागी ‘बॅक’ शेपटीची आधीची प्रत बहुधा असते. तिचे शेपूट बदलून ‘डीडब्ल्यूजी’ केले की ती उघडते.

आवृत्त्यांच्या भांडणाचे जगातले मोठे उदाहरण एअरबस कंपनीचे. ए-३८० हे दुमजली विमान बनत असताना जर्मनीतील हॅम्बुर्गचे काम ‘कॅटिया’ सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर आणि फ्रान्सचे पाचव्या आवृत्तीवर चालले होते. तारांच्या जुड्या विमानात बसवताना आखूड पडू लागल्या. २००६ मध्ये हे प्रकरण जगजाहीर झाले आणि विमाने ग्राहकांच्या हाती पडायला सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला. नाव एक, घर एक, तरी आवृत्ती दोन असल्या की बट्टा बसतो.

फाइलीतल्या मराठी सूचनांचेही असेच होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सूचना दुसऱ्या संगणकावर अगम्य अक्षरे किंवा प्रश्नचिन्हे होऊन येते. ‘येथे वेल्डिंग करू नये’ ही ओळ वाचताच आली नाही तर काय होईल ते सांगायला नको. सूचना युनिकोडमध्ये लिहावी आणि सोबत पीडीएफ द्यावी.

थ्रीडी फाइलचा बट्टा

आता अनेक पाट्र्या थ्रीडी मॉडेल पाठवतात. त्यासाठी तीन प्रकार प्रचलित आहेत. ‘आयजीईएस’ हा १९८० चा जुना प्रकार. त्यात बहुधा नुसती कातडी येते आणि कधी कधी शिवण उसवलेली असते. ‘स्टेप’ हा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९४ पासून प्रसिद्ध केलेला प्रकार, तो भरीव आकार नीट नेतो. ‘एसटीएल’ हा थ्रीडी प्रिंटिंगचा, त्यात नुसते त्रिकोण असतात आणि एकक लिहिलेलेच नसते.

शक्य तिथे स्टेप मागावे. पण स्टेपमध्येही बट्टा आहे. आकार कोणत्या क्रमाने घडवला तो इतिहास येत नाही, त्यामुळे भोकाचा व्यास बदलायला गेलात तर जुना आकडा सापडत नाही. आट्यांचे तर विशेष लक्षात ठेवावे. अनेक सॉफ्टवेअरांत आटे नुसत्या खुणेने दाखवलेले असतात आणि ती खूण स्टेपमधून जात नाही. १० मिलिमीटरचा टॅप मारायचे भोक तुमच्यापर्यंत साधे ८.५ चे भोक होऊन येते. कारागीर ८.५ चे ड्रिल मारून मोकळा होतो आणि माल परत येतो. किती फरक चालेल हेही जुन्या धाटणीच्या स्टेप फाइलमध्ये नसते. म्हणून थ्रीडी फाइलसोबत मापे, आटे आणि सूट लिहिलेली पीडीएफ मागितल्याशिवाय काम सुरू करू नये.

आमची सूचना

चांदवडच्या उस्तादांनी त्या नुकसानीनंतर वर्कशॉपचा रिवाज बदलला. तो आमच्या वाचकांनाही उपयोगी पडेल.

१. फाइल आली की तीन मापे ताडायची: एकूण लांबी, एकूण रुंदी आणि सर्वांत महत्त्वाच्या दोन भोकांमधले अंतर. भाचा संगणकावर मोजतो, मामू कागदावर बघतात. दोघांचे जमले तरच फाइल पुढे जाते.

२. ऑर्डर घेतानाच लिहून घ्यायचे की कागद आणि फाइल यांत तफावत निघाली तर कोणते खरे मानायचे. नुकसान झाल्यावर हा वाद मिटत नाही.

३. पहिला एकच नग कापायचा, व्हर्नियरने मोजायचा आणि पार्टीची मंजुरी घेऊनच बाकीचे कापायचे.

४. फाइलच्या नावात जॉबचे नाव, तारीख आणि बदलाचा क्रमांक. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशी नावे बंद.

५. ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन त्यावरून काम करायचे नाही. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवायची आणि मूळ फाइल न छेडता वेगळी ठेवायची.

६. पार्टीची फाइल ही अमानत आहे. जॉबसाठी लागेल तेवढाच भाग कटिंगवाल्याला द्यायचा, दुसऱ्या गिऱ्हाइकाला कधीच नाही.

आमच्या मते यात सर्वांत मोलाची गोष्ट मामू आणि भाचा एका टेबलावर बसले ही आहे. आपल्या घराघरात हुन्नर आहे, पण तो वडीलधाऱ्यांच्या हातात आहे, आणि संगणक मुलांच्या हातात आहे. मुलगा हुकूम जाणतो, पण १२७ आणि १३७ मधला फरक कशामुळे पडला हे त्याला कळत नाही. उस्तादाला ते क्षणात कळते, पण फाइल उघडता येत नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. खुद्द चांदवडमध्ये २००४ पासून नेमिनाथ जैन संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिकलेल्या मुलांनी सुट्टीचे महिने घरच्या वर्कशॉपमध्ये घालवावेत आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना ‘संगणकावर खेळतो’ असे न म्हणता शेजारी बसवून घ्यावे. सॉफ्टवेअरचा खर्च झेपत नसेल त्यांच्यासाठी ‘लिबरकॅड’ आणि ‘फ्रीकॅड’ ही मोफत सॉफ्टवेअरे आहेत. चोरीची प्रत वापरण्यापेक्षा ती शिकणे केव्हाही चांगले.

मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात ते तागडी मारणाऱ्याला उद्देशून. न मोजता दुसऱ्याची फाइल पुढे ढकलणाऱ्याची नियत वाईट नसते, पण नुकसान तेवढेच होते. निघताना उस्तादांनी थप्पीतली एक पट्टी उचलून आमच्या हातात दिली. भाच्याने तिच्यावर खडूने १२७ लिहून ठेवले होते. “नवीन पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला ही मोजायला देतो,” ते म्हणाले. “आधी मोज, मग बोल.”